विमा असलेल्या ग्रामीण ज्येष्ठांमध्ये जुनाट आजार जास्त कसे दिसतात?

प्रश्न

ग्रामीण भागातील साठीपुढच्या लोकांचे जुनाट आजार आणि सरकारी आरोग्य विमा यांच्या परस्परसंबंधावर मी प्रबंध लिहीत आहे. हाताशी असलेल्या एका सर्वेक्षणाच्या माहितीवरून अगदी साधे कोष्टक मांडले आणि तिथेच अडलो. ‘तुम्हाला रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असल्याचे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण विमा नसलेल्यांपेक्षा विमा असलेल्यांमध्ये स्पष्टपणे जास्त येते. वय, शिक्षण आणि कुटुंबाची आर्थिक स्थिती हिशेबात धरली तरी फरक थोडा कमी होतो, पण जात नाही. रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाणही विमाधारकांतच जास्त आहे.

हे कोष्टक असेच छापले, तर वाचणारा ‘विमा घेतला की माणूस आजारी पडतो’ असा निष्कर्ष काढून मोकळा होईल. तो चुकीचा आहे हे मला कळते, पण नेमका कुठे चुकतो हे शब्दांत मांडता येत नाही. शिवाय विमा मिळाल्यावर या आजारांवर खरोखर काही परिणाम होतो की नाही, हे अशा माहितीतून ठरवता येते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या अडचणीचे मूळ प्रश्नाच्या शब्दरचनेतच आहे. ‘डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का’ हा प्रश्न आजार मोजत नाही, निदान मोजतो. रक्तदाब वाढलेल्या माणसाला वर्षानुवर्षे काहीही जाणवत नाही, आणि ज्याने दंडाला पट्टा कधी बांधून घेतलाच नाही, तो या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच उत्तर देणार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार ३० ते ७९ वयोगटातील सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यांपैकी जवळपास निम्म्यांना त्याचा पत्ताच नाही. दवाखाना लांब असलेल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांत हे अज्ञान अधिक असेल, असे धरून चालायला हरकत नाही. विम्यामुळे माणूस एकदा तरी डॉक्टरांसमोर जाऊन बसतो आणि इतके दिवस बिननावाचा असलेला आजार त्या दिवशी कागदावर येतो. म्हणजे तुमच्या कोष्टकातली वाढ निदान काही अंशी तरी विम्याच्या यशाची खूण असू शकते.

याची पडताळणी करता येते. सर्वेक्षकांनी स्वतः रक्तदाब मोजला असेल, रक्ताचे नमुने घेतले असतील, तर ‘सांगितलेला’ आजार आणि ‘मोजलेला’ आजार असे दोन वेगळे रकाने करा. चीनमध्ये ४५ वर्षांवरील लोकांचे जे राष्ट्रीय सर्वेक्षण २०११ पासून चालू आहे, त्यात दोन्ही प्रकारची माहिती मिळते, म्हणूनच या विषयावरचे बरेच संशोधन तिथल्या आकड्यांवर उभे आहे. मोजलेल्या आजारात दोन्ही गट सारखे आणि सांगितलेल्या आजारात विमाधारक पुढे असतील, तर कोड्याचा मोठा भाग तिथेच सुटतो.

पण सगळे श्रेय निदानालाही देऊ नका. विमा ऐच्छिक असेल, तर ज्याला आपण आजारी आहोत हे ठाऊक आहे तोच आधी हप्ता भरतो आणि ठणठणीत माणूस ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतो. चीनने २००३ मध्ये ग्रामीण सहकारी वैद्यकीय योजना सुरू केली, तेव्हा सहभाग ऐच्छिक होता, पण नाव नोंदवायचे तर संपूर्ण कुटुंबाचे, अशी अट होती. घरातल्या एकट्या आजारी म्हातारीचेच नाव घालता येऊ नये, हाच त्यामागचा हेतू. आपल्या सर्वेक्षणातील योजनेत नोंदणीचा नियम काय होता, हे सर्वांत आधी तपासा. आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. उपचार मिळाल्यामुळे जे रुग्ण जिवंत राहिले, ते तुमच्या नमुन्यात आहेत. जे उपचाराविना गेले, ते सर्वेक्षकाला भेटणारच नाहीत.

प्रतिसाद २

मी संख्याशास्त्रज्ञ नाही, ग्रामीण भागात रुग्ण तपासणारा डॉक्टर आहे. वरील विवेचन मला पटते. मात्र आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे विम्याचा परिणाम होतो की नाही याचे उत्तर, विमा नेमका कशाचे पैसे देतो यावर अवलंबून आहे.

माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांचे उदाहरण देतो. विम्याचे कार्ड त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न पडेल असे जपून ठेवले आहे. तपासायला आले की आधी ते टेबलावर ठेवतात आणि मग गोळ्यांची पट्टी काढतात. महिन्याची पट्टी दोन महिने कशी पुरली, असे मी विचारले, तर म्हणाले, ‘डोकं दुखलं की घेतो, नाहीतर कशाला उगाच?’ थोडे खोदून विचारल्यावर खरे कारण कळले. गोळ्या स्वतःच्या पैशांनी विकत घ्याव्या लागतात आणि कार्ड फक्त भरती झाल्यावर चालते. याच आजोबांना उद्या पक्षाघात झाला, तर हेच कार्ड रुग्णालयाचे मोठे बिल भरेल. ज्या गोळीने तो झटका टळण्याची शक्यता होती, तिच्यासाठी मात्र त्याचा काडीचाही उपयोग नाही.

हा दोष एखाद्या कर्मचाऱ्याचा नाही, तो योजनेच्या आखणीतच आहे. भारतात २००८ मध्ये आलेली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचे संरक्षण देत असे, तेही मुख्यतः आंतररुग्ण, म्हणजे भरती झाल्यावरच्या, उपचारांसाठी. २०१८ मधल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने ती मर्यादा पाच लाखांवर नेली आणि २०२४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, तिच्यात सामावून घेतले. डायलिसिसचा खर्च तिच्यात मिळतो. मात्र मूत्रपिंड खराब होण्याआधी वीस वर्षे मधुमेहासाठी रोज घ्यायच्या गोळीचा खर्च मिळत नाही. ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळाली तर मिळाली.

चीनलाही ही फट उशिरा दिसली. ग्रामीण आणि शहरी रहिवाशांचा विमा एकत्र करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तर रक्तदाब आणि मधुमेहाच्या बाह्यरुग्ण औषधांची किमान निम्मी प्रतिपूर्ती करण्याचे धोरण २०१९ मध्ये आले. थायलंडने २००२ मध्येच वेगळी वाट धरली होती. तिथे नोंदलेल्या माणसामागे ठरावीक रक्कम जवळच्या आरोग्यसेवा जाळ्याला आधीच दिली जाते आणि बाह्यरुग्ण उपचार त्यातच येतात, त्यामुळे औषधासाठी माणसाला भरती व्हावे लागत नाही. तेव्हा आपल्या विश्लेषणात ‘विमा आहे’ आणि ‘विमा नाही’ एवढेच दोन गट करून भागणार नाही. औषधांचा खर्च मिळणारा विमा आणि न मिळणारा विमा हे वेगळे ठेवा.

प्रतिसाद ३ (प्रश्नकर्ता)

दोघांचेही आभार. आमच्या माहितीत रक्तदाब प्रत्यक्ष मोजलेला आहे. तो रकाना मी आजवर उघडूनही पाहिला नव्हता, हे कबूल करतो. एक शंका मात्र उरते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात २००८ मध्ये सोडत काढून काही गरीब प्रौढांना सरकारी विम्यासाठी अर्ज करण्याची संधी देण्यात आली होती. सोडत असल्यामुळे ‘आजारीच आधी विमा घेतात’ ही अडचण तिथे नव्हती आणि त्या विम्यात औषधेही होती. तरीही साधारण दोन वर्षांनंतर मधुमेहाचे निदान आणि औषधे घेण्याचे प्रमाण वाढलेले दिसले, पण मोजलेल्या रक्तदाबात आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत लक्षणीय फरक आढळला नाही. मग औषधांचा खर्च मिळूनही काही हाती लागत नाही, असे समजायचे का?

प्रतिसाद ४

ओरेगॉनचा दाखला देताना जपून. त्या प्रयोगातील लोक १९ ते ६४ वयाचे होते. आपला विषय साठीपुढच्या ग्रामीण माणसांचा आहे, तेव्हा तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही. शिवाय ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ म्हणजे ‘फरक नाही हे सिद्ध झाले’ असे नव्हे. त्यातल्या मधुमेहींची संख्या थोडी होती आणि लहानसा परिणाम असता तरी तो त्या आकड्यांत दडून राहिला असता. त्याच अभ्यासात नैराश्याचे प्रमाण घटले आणि उपचारखर्चाने कंबरडे मोडण्याची वेळ जवळजवळ कोणावर आली नाही, हेही नोंदवलेले आहे. मेक्सिकोत २००३ मध्ये आलेल्या लोकविमा योजनेची यादृच्छिक, म्हणजे सोडतीसारख्या, पद्धतीने तपासणी झाली, तिथेही पहिल्या दहा महिन्यांत आर्थिक संरक्षण दिसले, आरोग्यातला फरक दिसला नाही.

माझे मत डॉक्टरसाहेबांपेक्षा जरा वेगळे आहे. विमा हे मुळात पैशाचे साधन आहे. जमीन गहाण पडली नाही, नातवाची शाळा सुटली नाही, हाही परिणामच आहे आणि तो तुमच्या रक्तदाबाच्या रकान्यात कधीच दिसणार नाही. विम्याने रक्तदाबही उतरवावा, ही अपेक्षा आपण त्याच्यावर नंतर लादली.

प्रतिसाद ५ (प्रतिसाद २ मधील डॉक्टर)

पैशाच्या संरक्षणाचे महत्त्व मी नाकारत नाही. पण रोजच्या औषधांचा खर्च खिशातूनच जात असेल, तर तेही संरक्षण अर्धेच आहे, कारण शस्त्रक्रिया आयुष्यात एकदा होते आणि पट्टी दर महिन्याला लागते. खेड्यात त्यात भाडे मिळवा, सोबत आलेल्या मुलाचा बुडालेला रोज मिळवा आणि औषधे संपली म्हणून रिकाम्या हाताने परत जाण्याचे दिवसही मिळवा. यांतले काहीही कोणत्याच कार्डावर चढत नाही.

प्रश्नकर्त्यांना एक सुचवतो. ‘औषध घेता का’ याऐवजी ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस गोळी घेतली’ असा प्रश्न आपल्या सर्वेक्षणात कुठे आहे का, ते पाहा. वर सांगितलेले आजोबा पहिल्या प्रश्नाला बेधडक ‘हो’ म्हणतील, आणि दुसऱ्या प्रश्नावर आधी पिशवीकडे बघतील.

प्रतिसाद ६ (प्रश्नकर्ता)

तसा प्रश्न आहे, पण तो फक्त दुसऱ्या फेरीत विचारला गेला आहे. मोजलेला रक्तदाब आणि गोळी घेतल्याचे दिवस यांचे कोष्टक त्या फेरीपुरते करतो आणि नोंदणीचा नियम तपासून इथेच मांडतो.