विषय: नवऱ्याची दारू सोडवायची आहे, कुठे जाऊ? (नाव न देता)

मॉडरेटर, रविवार रात्री १०:५२

नमस्कार मंडळी, एका सभासद भगिनीने खालचं पत्र मला पाठवलंय, नाव न देता आपल्या मंडळाच्या लिस्टवर टाका म्हणून. जसंच्या तसं टाकतोय. उत्तरं लिस्टवरच द्या, ती वाचतेय. आणि ही कोण असेल याचा अंदाज कृपया कोणी बांधू नका, आपापसात फोनवरसुद्धा नको.

"नमस्कार. मी इथेच न्यू जर्सीत असते. नवरा ४४ वर्षांचा, आयटीत. आधी शनिवारी मित्रांबरोबर दोन पेग असायचे, मग कोविडमध्ये घरून काम सुरू झालं तसं रोज, आणि आता दुपारीसुद्धा. परवा लाँड्रीच्या खालच्या कपाटात डिटर्जंटच्या मागे बाटली सापडली. मागच्या महिन्यात मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली ती नऊ दिवस टिकली. सकाळी हात इतके थरथरतात की चहाचा कप उचलतच नाही, ओट्यावर ठेवून वाकून पहिला घोट घेतो. आता तो स्वतःच म्हणतोय की गुरुवारपासून एकदम बंद, लाँग वीकेंड आहे, चार दिवस खोलीत पडून काढतो, तू फक्त घरात बाटली ठेवू नकोस. सासूबाई म्हणतात त्याला इकडे पाठवून दे. माझी आई म्हणते गोळ्या मिळतात, जेवणात कालवून द्यायच्या, कळत नाही, पाठवू का. इन्शुरन्स त्याच्या कंपनीचा आहे आणि ग्रीन कार्ड अजून प्रोसेसमध्ये आहे. कोणाला माहिती असेल तर सांगा, मला आता काही सुचत नाही."

मंडळातली एक ताई, सोमवार रात्री १२:३५

अगं, झोप लागत नाहीये म्हणून लगेच लिहितेय. बाकी सगळं उद्या वाचलंस तरी चालेल पण एवढं आत्ता वाच. गुरुवारी त्याला खोलीत एकदम बंद करू देऊ नकोस. ज्याचे हात सकाळी थरथरतात त्याचं शरीर दारूवर चालतंय, ती एकाएकी काढून घेतली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, त्यात माणूस जातो. दारू सोडताना जीव जाऊ शकतो हे आपल्याकडे कुणाला माहीतच नसतं, आपल्याला वाटतं सोडली की सुटलो.

आमच्या घरी हेच झालं. आम्हीही असाच लाँग वीकेंड निवडला होता आणि मी अगदी आनंदानं तयारी केली होती, नारळपाणी आणून ठेवलं, मुलांना मैत्रिणीकडे पाठवलं. तिसऱ्या रात्री मला जाग आली तर हे पलंगावर बसून चादरीवरून काहीतरी वेचत होते. एकेक उचलून मुठीत धरत होते. विचारलं काय करताय, तर म्हणाले मुंग्या झाल्यात बघ, मुलांना चावतील. मुलं घरात नव्हतीच. अंग घामानं भिजलेलं, मला मधेच आईच्या नावानं हाक मारली. मी ९११ केला. डॉक्टर म्हणाले अजून काही तास थांबला असतात तर सांगता येत नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये जे करतात त्याला डीटॉक्स म्हणतात. नर्स थोड्या थोड्या वेळानं येऊन दोन्ही हात पुढे करायला सांगायची, बोटं पसरून, थरथर किती आहे बघायला, मग घाम, मळमळ, आज तारीख कुठली, अंगावर काही सरपटल्यासारखं वाटतं का, भिंतीवर काही दिसतं का, हे सगळं विचारून त्याला मार्क द्यायची आणि त्या मार्कांवर गोळीचा डोस. शिवाय बी-१ जीवनसत्त्व सुरुवातीपासून, कारण पिणाऱ्याच्या शरीरात ते बऱ्याचदा संपत आलेलं असतं आणि त्यावाचून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पाच दिवसांत हे शुद्धीवर, नीट जेवायला लागले.

आणि मी चूक केली ती इथे. मला वाटलं झालं, बरे झाले. घरी घेऊन आले. अगं, डीटॉक्स म्हणजे फक्त शरीरातून दारू काढणं, उपचार त्याच्यानंतर सुरू होतात. आम्ही ते केले नाहीत आणि सहा आठवड्यांत सगळं होतं तिथे.

दुसऱ्या वेळेला नीट चौकशी केली. इथे पायऱ्या असतात त्या समजून घे. डीटॉक्सनंतर एक तर तिथेच राहायचं, बहुतेक ठिकाणी चार आठवडे, ते रेसिडेन्शिअल. नाहीतर दिवसभर जाऊन रात्री घरी यायचं. त्याखालची पायरी आयओपी (इंटेन्सिव्ह आउटपेशंट प्रोग्राम), आठवड्यातून निदान नऊ तास, आमच्याकडे तीन संध्याकाळी तीन-तीन तास असं होतं, नोकरी सांभाळून जमतं. मग आठवड्यातून एकदा काउन्सेलर. कुठल्या पायरीवर सुरुवात करायची हे आपण किंवा सासूबाईंनी ठरवायचं नसतं, ते लोक दीड-दोन तास बसवून विचारतात त्याला असेसमेंट म्हणतात, ते उद्याच्या उद्या मागून घे. त्याला गुरुवारी सोडायचीच आहे ना, मग गुरुवारी घरात नाही, डीटॉक्सच्या बेडवर सोडू दे. आणि बेड मिळेपर्यंत घरातली बाटली ओतून टाकू नकोस, लिहायला विचित्र वाटतंय पण डॉक्टरांनी मला हेच सांगितलं होतं. मधेच फिट आली किंवा असंबद्ध बोलायला लागला तर ९११, विचार करत बसू नकोस.

इन्शुरन्स कार्डाच्या मागे बिहेवियरल हेल्थचा (मानसिक आरोग्य आणि व्यसनं) वेगळा नंबर असतो तो लाव. तो लागला नाही तर सामसाचा (अमेरिकेच्या केंद्र सरकारची व्यसन आणि मानसिक आरोग्याची संस्था) १-८००-६६२-४३५७, चोवीस तास, फुकट, नाव सांगावं लागत नाही. २००८ च्या पॅरिटी कायद्याप्रमाणे इन्शुरन्स कंपनीला व्यसनाच्या उपचारांना इतर आजारांपेक्षा जास्त जाचक अटी लावता येत नाहीत. तरी थोडे थोडे दिवसच मंजूर करतात आणि मग म्हणतात आता राहायची गरज नाही. नाही म्हणाले तर अपील कर, तेही नाही झालं तर बाहेरच्या तटस्थ डॉक्टरांकडून तपासणी मागता येते. आमचे शेवटचे दहा दिवस असेच मिळाले.

गुगलवर जे पहिलं येतं तिथे एकदम होकार देऊ नकोस. आम्हाला एका सेंटरमधून फोनवर सांगितलं की विमानाचं तिकीट आम्ही काढतो, तुमचे इन्शुरन्सचे सगळे पैसे आम्ही माफ करतो, फक्त आजच निघा. मला तेव्हा तो देवमाणूस वाटला. पेशंट आणून दिल्याबद्दल दलाली घ्यायचे प्रकार चालतात, त्यावर २०१८ मध्ये केंद्राला कायदा करावा लागला. लायसन्स आहे का, डॉक्टर रोज असतात का, औषधं देतात का आणि सुटल्यानंतर काय, हे चार प्रश्न विचार.

ग्रीन कार्डचं. उपचारांची माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय कंपनीला जात नाही, व्यसनाच्या उपचारांसाठी केंद्राचा गोपनीयतेचा वेगळा नियमच आहे. इमिग्रेशनला खरा धोका आहे तो पिऊन गाडी चालवताना पकडला गेला तर. त्या एका अटकेवरून व्हिसा रद्द झालेला मी आपल्या ओळखीत बघितलाय. ग्रीन कार्डच्या मेडिकलमध्येही दारूबद्दल विचारतात तेव्हा वकिलाशी आधी बोलून ठेव, पण त्या भीतीनं उपचार थांबवू नकोस. आणि गाडीची किल्ली आजपासून तुझ्याकडे.

एक काका, सोमवार सकाळी ७:१०

ताईंनी फार मोलाचं लिहिलं. तरी माझं मत, पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पाठवावं. १९८६ पासूनची संस्था, डॉ. अनिता अवचटांनी उभी केली, पु.ल. आणि सुनीताबाईंनी त्या वेळी मदत केली, पुढे अनिल अवचट आणि आता मुक्ताताई. ३५ दिवस राहायचं, सगळं मराठीत, आणि खर्च इथल्या मानाने काहीच नाही. माझा सख्खा पुतण्या तिथून सुधारून आला, आज त्याचं स्वतःचं दुकान आहे. इथे अनोळखी लोकांत इंग्रजीतून मन मोकळं कसं होणार?

नाव नको, एए (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपसातल्या मदतीचा गट) मधला, सोमवार दुपारी १२:४५

काका, मुक्तांगणबद्दल माझ्याही मनात आदर आहे, माझ्या ओळखीतले तिथून चांगले झालेले आहेत. पण वहिनी, आत्ताच्या अवस्थेत त्याला विमानात बसवू नका. १६-१७ तासांच्या प्रवासात एक तर तो पीत जाईल नाहीतर हवेतच फिट येईल. डीटॉक्स इथेच. त्यानंतर पुण्याला जायचं ठरलं तरी परत कुठे यायचंय? याच घरात, त्याच खुर्चीत, त्याच लॅपटॉपसमोर. तेव्हा परत आल्याच्या पहिल्या सोमवारी इथली आयओपी ठरलेली हवी, नाहीतर ३५ दिवस वाया.

मी स्वतः पेनसिल्वेनियात २८ दिवस राहून आलो होतो. तिथे मला वाटायचं हे सोपं आहे, कारण तिथे दारूच नव्हती, बिलं नव्हती, मॅनेजर नव्हता. घरी आल्यावर अकराव्या दिवशी प्यायलो. कारण एवढंसंच, संध्याकाळी सहाला लॅपटॉप बंद केला आणि हाताला काय करायचं ते कळेना. मग आयओपीला घातलं. गोल मांडलेल्या खुर्च्या, दर आठवड्याला लघवीची तपासणी, माझ्या शेजारी एक रूफिंगचं काम करणारा आणि पलीकडे एक शाळेतली बाई. मी पहिले दोन आठवडे तोंड उघडलं नाही, आपण इंजिनिअर, आपलं यांच्यासारखं नाही असं वाटायचं. एका संध्याकाळी त्या रूफिंगवाल्यानं सांगितलं की तो बाटली वॉशिंग मशीनच्या मागे ठेवायचा आणि आवाज होऊ नये म्हणून टॉवेलात गुंडाळायचा. मी पण टॉवेलातच गुंडाळायचो. त्या दिवशी बोलायला लागलो, मोडक्या इंग्रजीत, रडलो मात्र मराठीत, कुणाला एक शब्द कळला नाही आणि तरी सगळे थांबले. आज १४ वर्षं झाली.

काका म्हणतात ते भाषेचं खरं आहे. भारतातल्या मराठी एए मीटिंग आता झूमवर असतात, मी रविवारी सकाळी बसतो. इथल्या मीटिंग बहुतेक चर्चच्या तळघरात असतात म्हणून आपले लोक बिचकतात, पण ते फक्त भाड्याची जागा म्हणून, धर्म कुणी विचारत नाही. पैसे नाहीत, रजिस्टर नाही. पहिल्या वेळी मी बरोबर जाईन, मॉडरेटरांकडे माझा नंबर आहे. आणि वहिनी, अल-अ‍ॅनॉन हा पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट, तो तुमच्यासाठी आहे, त्याच्यासाठी नाही. तो गेला नाही तरी तुम्ही जा.

नोकरीचं, कंपनीत ५० किंवा जास्त लोक असतील आणि त्याला वर्ष झालं असेल तर एफएमएलए या आजारपणाच्या रजेच्या कायद्याखाली १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते, मॅनेजरला आजाराचं नाव सांगावं लागत नाही, कागद एचआरकडे जातो. ही रजा उपचारांसाठी असते, पिऊन कामाला न गेलेल्या दिवसांना ती लागू होत नाही, म्हणून मेमो यायच्या आधी अर्ज करा. माझा नंतर केला होता.

एक सभासद (फार्मसीत काम), सोमवार संध्याकाळी ६:२०

आईंना आजच फोन करून सांगा, गोळ्या पाठवू नका. न सांगता कालवतात ती बहुतेक डायसल्फिरम असते. ती पोटात असताना तो प्यायला तर चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, आणि काय झालंय हे इमर्जन्सीच्या डॉक्टरांनाही कळणार नाही कारण त्याला स्वतःलाच माहीत नाही. हे औषध पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं. आणि जेवणातून दिलेलं एकदा कळलं की तो तुमच्या हातचं कधी निर्धास्त जेवेल का हो?

त्याच्यापेक्षा डॉक्टरांना नॅलट्रेक्सोनबद्दल विचारा. रोज एक गोळी किंवा महिन्यातून एक इंजेक्शन, पिण्यातली मजा आणि तलफ कमी होते. आधी लिव्हरची तपासणी करतात, आणि तो पाठीसाठी वगैरे ओपिऑइड (अफूच्या जातीची) पेनकिलर घेत असेल तर सांगायलाच हवं, तेव्हा हे चालत नाही. लिव्हर फार बिघडलं असेल तर अकॅम्प्रोसेट आहे, ते किडनीवाटे जातं. या गोळ्या स्वस्त आहेत, जुन्या आहेत, आणि तरी माझ्या काउंटरवर इतक्या कमी येतात की मला दरवेळी वाईट वाटतं.

विषयाला सोडून एक, बाकी सगळ्यांसाठी. ज्यांची मुलं कॉलेजात आहेत त्यांनी नॅलॉक्सोनचा (ओपिऑइडचा ओव्हरडोस उतरवणारा) स्प्रे घरात ठेवा. आपल्या राज्यात बऱ्याच फार्मसींमध्ये १४ वर्षांच्या आणि त्यावरच्या कुणालाही फुकट मिळतो, नाव न सांगता. पार्टीत मिळालेल्या एका गोळीत फेंटानिल (फार जहाल ओपिऑइड) असलं तर तेवढं जीव जायला पुरतं. "आमच्या मुलांचं तसं नाही" हे मला कृपया कुणी लिहू नका.

मॉडरेटर, मंगळवार रात्री ९:१५

तिचं उत्तर आलंय, खाली देतोय. ताई, मंडळाच्या पिकनिकला दारूचं टेबल ठेवायचं नाही ही तुम्ही मला वेगळी कळवलेली सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवली, मान्य झाली.

"सगळ्यांचे उपकार कसे मानू. काल रात्री त्याला मुंग्यांचं वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, मग म्हणाला मागच्या वेळी त्या नऊ दिवसांत दुसऱ्या रात्री मलाही खिडकीत कुणीतरी बसलेलं दिसलं होतं, तुला सांगितलं नाही. आज फोनवर असेसमेंट झालं, बेड उद्या सकाळी आठला आहे, पाच ते सात दिवस, नंतर कुठे ते तिथले डॉक्टर ठरवणार. त्यानं स्वतः बॅग भरली. आईला गोळ्यांचं सांगितलं, ती रडली. एकच अडचण आहे, मला त्याला सोडायला पाऊण तास जायचंय आणि तिथे कागदपत्रांना दुपार होईल म्हणतात, मुलीची शाळा पावणेतीनला सुटते."

मंडळातली एक ताई, मंगळवार रात्री ९:२२

मी घेते तिला. मॉडरेटरांकडून माझा नंबर घे आणि शाळेत माझं नाव रात्रीच ईमेलनं कळव, नाहीतर सोडत नाहीत. तिला काय आवडतं जेवायला ते पण लिही.