इमारतीसाठी आलेली २ लाखाची देणगी उत्पन्नात धरायची की नाही? (संस्था छोटी, खजिनदार नवीन)

खजिनदार_नाइलाजाने
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी आमची एक छोटी अभ्यासिका आहे, पब्लिक ट्रस्ट म्हणून नोंदलेली, १२एबी (संस्थेच्या करमाफीची नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराला कर सवलत) दोन्ही आहे. आधीच्या खजिनदारांची तब्येत बिघडली म्हणून जानेवारीत हे काम माझ्या गळ्यात पडलं, मी शाळेत मराठी शिकवते, हिशोबाशी संबंध घरच्या किराण्यापुरता 😅. एक पिशवीभर व्हाउचर आणि अर्धवट किर्द हातात आली.
तर २०२४-२५ ची एकूण जमा ६,४०,००० (देणग्या, मुलांची फी, बँकेचं व्याज सगळं धरून). त्यात २ लाख एकाच गृहस्थांचे, चेकने, नवीन खोली बांधायला. खर्च झाला ४,०५,०००, त्यातलं मार्चचं भाडं आणि लाइटबिल मिळून १५ हजार एप्रिलमधे दिले. आता करमाफीसाठी उत्पन्नाच्या ८५ टक्के खर्च व्हायलाच पाहिजे म्हणतात, तो तर होत नाहीये. अध्यक्ष म्हणतात ते २ लाख कॉर्पस (कायम निधी) दाखवा, पावतीवर छापील 'सर्वसाधारण देणगी' असलं तरी आता त्या गृहस्थांकडून फेब्रुवारीची तारीख टाकून पत्र घेऊ. मला ते काही बरं वाटत नाहीये. काय करू?

सीए_पण_गावचा
ताई, बरं वाटत नाहीये ते बरोबरच आहे, मागची तारीख टाकून पत्र अजिबात घेऊ नका. एवढ्याशा रकमेसाठी कशाला अंगावर घेता.
आधी गणित बघा. ६,४०,००० चे ८५ टक्के म्हणजे ५,४४,०००. खर्च मात्र ४,०५,००० धरता येणार नाही, कारण ट्रस्टला आता प्रत्यक्ष दिलेले पैसेच खर्च म्हणून मिळतात, एप्रिलमधे दिलेले १५ हजार पुढच्या वर्षात जातील. म्हणजे ३,९०,०००. कमी पडतात १,५४,०००.
तेच २ लाख खरोखर कॉर्पस असते तर उत्पन्न ४,४०,०००, त्याचे ८५ टक्के ३,७४,०००, तुम्ही आरामात पार. अध्यक्षांचा जीव त्यातच अडकलाय. पण कॉर्पससाठी देणगीदाराने स्वतः लेखी सांगायला लागतं की हे संस्थेच्या कायम निधीत ठेवा. चेकबरोबर काही पत्र आलं होतं का? फाइल नीट शोधा, मग पुढचं बोलू.

माजी_सचिव_कोल्हापूर
आमच्याकडे पण हाच घोळ झालेला. पावतीपुस्तकच नवीन छापून घ्या, त्यावर 'देणगीचा हेतू' अशी ओळ ठेवा, देतानाच माणसाकडून भरून सही घ्यायची. आणि हो, खजिनदार विश्वस्त असेल तर बदलाचा चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात ९० दिवसात द्यायचा असतो, दिलाय ना? आमचा राहिला आणि बँकेने सह्या बदलायला नकार दिला, सहा महिने बीडीओच्या दारात उभं राहिल्यासारखं बँकेत उभे होतो.

खजिनदार_नाइलाजाने
चेंज रिपोर्ट दिलाय, तेवढं अध्यक्षांनी केलं. पत्र सापडलं!! पिशवीच्या तळाशी होतं. 'अभ्यासिकेच्या नवीन खोलीच्या बांधकामासाठी ही रक्कम वापरावी' एवढंच लिहिलंय, कॉर्पस, कायम निधी असलं काही नाही.

सीए_पण_गावचा
मग माझं स्पष्ट मत, कॉर्पस म्हणून ओढाताण करू नका. 'बांधकामासाठी' आणि 'कायम निधीत' ह्यात फरक आहे, ह्यावर वाद घालता येतो, निकालही दोन्ही बाजूंचे आहेत, पण अभ्यासिकेने वकिलाला फी देत बसण्यात काय अर्थ. तुमच्यासाठी फॉर्म १० आहे, खर्च न झालेली रक्कम पुढे राखून ठेवतोय असं इन्कम टॅक्सला कळवायचा. विश्वस्तांचा ठराव करा की १,५४,००० रुपये नवीन खोलीच्या बांधकामासाठी राखून ठेवतोय, जास्तीत जास्त ५ वर्ष. हेतू नेमका लिहा, 'संस्थेच्या उद्दिष्टांसाठी' असं मोघम नको. फॉर्म रिटर्नच्या तारखेच्या दोन महिने आधी भरायचा, म्हणजे ऑगस्टअखेर समजा. टॅक्स शून्य.
पैसे मात्र बँकेत एफडी करा, सहकारी बँक चालते. पतसंस्था नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण गावात अध्यक्षांचा मेव्हणा पतसंस्थेत असतोच आणि अर्धा टक्का जास्त व्याज मिळतं.
धर्मादायच्या नमुन्यातल्या (शेड्यूल ८) ताळेबंदात पूर्ण २ लाख 'इमारत निधी' म्हणून वेगळे दाखवायला हरकत नाही, देणगीदारालाही बरं वाटतं. फक्त इन्कम टॅक्सच्या गणितात ते उत्पन्नच. ह्या दोन गोष्टी एकच समजून लोक गोंधळतात, सीए लोकसुद्धा (मीही एकदा).
आणि ३१ मेच्या आत टेन-बीडी, म्हणजे इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर देणगीदारांची यादी, भरा. तिथे प्रत्येक देणगीपुढे प्रकार निवडायला लागतो, त्यात ह्या २ लाखांना कॉर्पस टाकू नका, नाहीतर हिशोबात एक आणि पोर्टलवर एक होईल. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये. देणगीदाराला ८०जी साठी आता पोर्टलवरून निघणारं टेन-बीई प्रमाणपत्र लागतं, नुसती आपली पावती चालत नाही.

खजिनदार_नाइलाजाने
अध्यक्षांना पतसंस्थेचं वाचून दाखवलं, बराच वेळ काही बोलले नाहीत 😄. शनिवारी ठराव घेतोय. अजून एक, दानपेटीत ३८ हजार आलेत, नावं नाहीत. आणि एकांनी ५ हजार कॅश देऊन ८०जी मागितलंय.

सीए_पण_गावचा
दानपेटीचं टेन्शन नको. निनावी देणग्या १ लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, ह्यातलं जे जास्त त्याच्यावर गेल्या तरच वरच्या रकमेला ३० टक्के लागतो. पेटी उघडताना दोघांच्या सह्यांचा कागद करून ठेवा एवढंच. ५ हजार कॅशवाल्यांना सांगा, २ हजारांवर रोख दिली तर ८०जी नाही, आणि त्यांनी नवीन टॅक्स पद्धत घेतली असेल तर तसंही नाहीच.

खजिनदार_नाइलाजाने
टेन-बीडीत भरायला सगळ्या देणगीदारांना पॅनसाठी फोन करतेय. एक आजोबा म्हणतात पॅन कधी काढलाच नाही, आधार आहे.

माजी_सचिव_कोल्हापूर
आधार चालतं. पत्ता पण आत्ताच विचारून घ्या, नाहीतर परत फोन.