काल्पनिक जगातला धर्म : आधी देवांची वंशावळ की आधी रोजचा आचार?

धागालेखक :
अद्भुतकथेसाठी जग रचताना बहुतेक लेखक धर्माची सुरुवात सृष्टीच्या उत्पत्तिकथेपासून करतात आणि माझ्या मते तिथेच घोडे पेंड खाते. मीही बारा देव, त्यांची भांडणे आणि त्यांची शस्त्रे यांवर चाळीस पाने लिहून काढली होती; परंतु पहिल्याच प्रकरणात तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसलेली आई आली, आणि ती उंबऱ्यावर काय ठेवेल, कोणाला काय बोलेल, मूल बरे झाल्यावर काय फेडेल, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या पानांत सापडेना. इतिहासही हेच दाखवतो. रशियात १६५३ मध्ये पॅट्रिआर्क, म्हणजे तिथल्या चर्चचे प्रमुख, निकॉन यांनी क्रुसाची खूण दोन बोटांऐवजी तीन बोटांनी करण्याचा आदेश दिला, त्यावरून पुढे चर्च दुभंगले आणि जुन्या रीतीचा कैवारी आव्वाकूम याला १६८२ मध्ये जिवंत जाळण्यात आले. देव तोच होता, बायबल तेच होते. बोटे तेवढी वेगळी. म्हणून आधी आचार ठरवावा, देव मागाहून येतात.

प्रतिसाद १ :
असहमत. आपले उदाहरणच आपल्यावर उलटते. ती दोन बोटे ख्रिस्ताच्या दैवी आणि मानवी स्वरूपांची खूण होती, तर तीन बोटे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची. शिवाय निकॉन यांनी ग्रीक प्रथेनुसार प्रार्थनाग्रंथांतही दुरुस्त्या केल्या होत्या. बोटांना अर्थ नसता, तर त्यांच्यासाठी कोणी जिवावर उदार झाले नसते. ‘आचारापासून सुरुवात करा’ हा सल्ला हल्ली इतका बोकाळला आहे की, कपाळाला राख लावणारी आणि तीनदा थुंकणारी पात्रे पानोपानी भेटतात, पण ती तसे का करतात हे ना पात्राला ठाऊक असते ना लेखकाला. याला नेपथ्य म्हणतात.

धागालेखक :
लेखकाला ठाऊक नसणे हा दोष आहे, हे मान्य. पात्राला ठाऊक नसणे हा मात्र दोष नव्हे, कारण खऱ्या जगातही बहुतेक श्रद्धावंत तसेच वागतात. इजिप्तचा राजा आखेनातेन याने इ.स.पू. चौदाव्या शतकात आतेन या सूर्यबिंबाला सर्वोच्च स्थान दिले आणि तोवरचा प्रमुख देव अमून याचे नाव शिलालेखांतून खोडून काढायला लावले. तरीही अमर्ना या त्याच्या स्वतःच्या राजधानीतील घरांत बेस आणि तावेरेत या घरगुती देवतांच्या आकृती सापडल्या आहेत. राजाचे तत्त्वज्ञान घराच्या भिंतीपाशीच अडले.

प्रतिसाद २ :
आपण दोघेही सगळे मुकाट्याने धर्म पाळतात असे गृहीत धरत आहात. रोमन सेनापती पुब्लियस क्लॉडियस पुल्खर याची कथा पाहा. इ.स.पू. २४९ मध्ये द्रेपाना येथील आरमारी लढाईपूर्वी शकुनाच्या पवित्र कोंबड्या दाणे टिपेनात, तेव्हा ‘खात नसतील तर पिऊ देत’ म्हणून त्याने त्या समुद्रात फेकायला लावल्या, असे सांगतात. तो हरला आणि रोममध्ये त्याला दंडही झाला. गंमत अशी की, शकुनाची पत्रास न ठेवणाऱ्या माणसालाही त्या कोंबड्या जहाजावर बाळगाव्याच लागल्या. रचलेल्या धर्मात अशा माणसाला जागा नसेल, तर मला तो धर्म वाटत नाही, नियमावली वाटते.

प्रतिसाद १ :
हा मुद्दा पटला, पण मूळ प्रश्न तिथेच आहे. धागालेखकांनी एवढेच सांगावे : ते मूल दगावले, तर ती आई दोष कोणाला देईल?

धागालेखक :
स्वतःला. उंबऱ्यावर ओढलेली मिठाची रेघ पहाटेच्या पावसाने विरघळली आणि तिला तेवढ्यातच डोळा लागला होता. पाहा, एकाही देवाचे नाव न घेता उत्तर मिळाले.

प्रतिसाद १ :
मिळाले खरे, परंतु पाऊस पाडणारा कोण, असे तिच्या शेजारणीने विचारले, तर आपल्याला त्या चाळीस पानांकडे परतावेच लागेल.