मदत हवी आहे: हेडसेटमध्ये आवाज येतो, पण माइक लॅपटॉपला दिसत नाही

विंडोज ११, लॅपटॉपला ३.५ मिमीचा एकच कॉम्बो जॅक (माइक आणि हेडफोन दोन्हींसाठी एकच भोक). हेडसेटच्या पिनवर तीन काळ्या रिंगा, म्हणजे चार संपर्क. मोबाइलवर माइक व्यवस्थित चालतो, त्यामुळे वायरवर संशय नाही. लॅपटॉपच्या ‘रेकॉर्डिंग’ टॅबमध्ये मात्र फक्त आतला माइक दिसतो. ‘शो डिसेबल्ड डिव्हाइसेस’वर टिक केली, प्रायव्हसीत माइकला परवानगी आहे, ऑडिओ ड्रायव्हर काढून उत्पादकाच्या साइटवरचा टाकला. फरक शून्य.

जॅकमध्ये धूळ साचून पिन शेवटपर्यंत बसत नसेल, की ड्रायव्हर हेडसेटला साधा हेडफोन समजतोय? हे नक्की कसं ओळखायचं?

यूएसबी साउंड कार्ड शेवटचा उपाय. पण दोन भोकांचं घेतलं तर माइक-हेडफोन वेगळे करणारा स्प्लिटर लागेल (दोन हेडफोन जोडायचा स्वस्तातला नव्हे). एकाच भोकात माइकसह चालणारं कुणी वापरतंय का?