फर्स्ट एडिशन चॅरिझार्ड सुटं घ्यायचंय, नकली कसं ओळखू?

कोराकागद:
पोकेमॉन बेस सेटमधलं (इंग्रजी, १९९९) फर्स्ट एडिशन, म्हणजे पहिल्या छपाईचं चॅरिझार्ड, ४/१०२. स्लॅबमध्ये (ग्रेडिंग कंपनीने तपासून, दर्जा देऊन सीलबंद केलेल्या प्लास्टिकच्या डबीत) नाही, सुटं आहे. विकणारा हातात घेऊन बघू देणार आहे, पण वाकवणं वगैरे चालणार नाही. माझ्याकडे ३०पट भिंग, टॉर्च आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा आहे. कुठल्या क्रमाने तपासू? आणि मॅजिक (मॅजिक: द गॅदरिंग हा दुसरा कार्डांचा खेळ) च्या जुन्या कार्डांनाही याच कसोट्या लागतात का?

भिंगवाला:
आधी एक काम करा. त्याच सेटमधली दोन स्वस्त पण खात्रीची कार्डं जवळ ठेवा, एक साधं आणि एक होलो (चित्रावर चमकदार फॉइल असलेलं). तुमची खरी फूटपट्टी तीच. नुसतं "रंग जरा फिका वाटतो" म्हणून काही कळत नाही. फिका कशापेक्षा?

मग भिंग. कार्डावर हल्ल्याच्या नावाखालचा काळा मजकूर बघा. खऱ्या कार्डात काळी शाई वेगळ्या प्लेटने छापलेली असते, त्यामुळे अक्षर सलग काळं आणि कडा धारदार दिसते. कार्ड स्कॅन करून छापलेलं असेल तर तेच अक्षर निळ्या-गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांतून तयार झालेलं दिसतं आणि कडा विस्कटलेली असते. चित्रात ठिपके असणारच, तिथे घाबरू नका. निकाल अक्षरांवर ठरतो.

त्यानंतर होलो. या सेटमध्ये झळाळी फक्त चित्राच्या चौकटीत असते. अख्खं कार्ड तिरपं केल्यावर चमकत असेल, तर पुढचं काही बघायची गरज नाही.

टॉर्चची चाचणी (मागून उजेड टाकून किती आरपार येतो ते बघणं) होलो कार्डावर जवळपास निरुपयोगी, कारण फॉइलच प्रकाश अडवतं. करायचीच तर होलो शेजारी होलो धरून करा. स्वयंपाकघरातला काटा घरीच राहू द्या. कार्ड साधारण १.७ ते १.८ ग्रॅमचं, फरक असतो तो शतांश ग्रॅमचा, म्हणजे ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटाच हवा. तरीही वजन जुळलं म्हणून कार्ड खरं ठरत नाही, फारच चुकलं तर मात्र संशय घ्या.

जुनापत्ता:
+१. पण या कार्डात अख्खं कार्ड बनावट असण्यापेक्षा कार्ड खरं आणि त्यावरचा फर्स्ट एडिशनचा शिक्का खोटा हा प्रकार जास्त फसवतो. वरच्या सगळ्या कसोट्यांना ते आरामात उतरतं, कारण कागद, शाई, फॉइल सगळं अस्सलच असतं!

म्हणून दोन गोष्टी बघा. फर्स्ट एडिशन चॅरिझार्डच्या चित्राच्या चौकटीला उजव्या कडेला सावली नसते, आणि तळाच्या कॉपीराइट ओळीत १९९५, ९६, ९८, ९९ अशी चार सालं असतात. नंतरच्या सर्वसाधारण छपाईत सावली आहे आणि ते ९९ गायब आहे. सावली दिसतेय आणि शिक्काही आहे, तर शिक्का मागाहून मारलेला.

अवघड प्रकार म्हणजे बिनशिक्क्याच्या, पण मुळातच बिनसावलीच्या कार्डावर मारलेला शिक्का. त्यासाठी दिवा अगदी आडवा धरा आणि कार्ड हळूहळू फिरवा. अस्सल शिक्का वरच्या चकाकीच्या थराखाली असतो, म्हणून प्रकाशाची रेघ त्याच्यावरून न अडखळता सरकते. मागाहून मारलेला थराच्या वर बसतो, तिथे रेघ तुटते किंवा शिक्का मॅट दिसतो. शिक्का जाड की बारीक यावर मात्र निकाल देऊ नका, दोन्ही प्रकार अस्सल आहेत.

भिंगवाला:
सावलीच्या नियमाला अपवाद एकच लक्षात ठेवा, मॅचॅम्प ८/१०२. तो स्टार्टर सेटसोबत येत असे आणि त्याच्यावर सावली असूनही फर्स्ट एडिशनचा शिक्का असतो. ते कार्ड खोटं नाही, पण दुर्मिळही नाही. चॅरिझार्डला हा अपवाद लागू नाही.

पाठपोट:
मॅजिकसाठी मागची बाजू बघा. पाच रंगीत गोलांपैकी हिरव्या गोलातल्या फिकट भागात चार लाल ठिपके, इंग्रजी एल अक्षराच्या आकारात. ३०पट भिंग पुरतं. बऱ्याच नकलांमध्ये ते ठिपके नसतात किंवा नुसता लालसर धब्बा असतो.

गोची अशी की ही चाचणी फक्त पाठ खरी आहे एवढंच सांगते. १९९३ च्या कलेक्टर्स एडिशन या खास संचातल्या कार्डाची पाठ सोनेरी किनारीची आणि कोपरे चौकोनी. त्या कार्डाचं तोंड सोलून स्वस्त अस्सल कार्डाच्या पाठीला चिकटवतात आणि कोपरे गोल करतात. तोंडही अस्सल छपाईचं, पाठही अस्सल. पकडायचं कडेवरून: चारही कडा भिंगाखाली फिरवा, गोंदाची रेघ, दोन थरांतली फट किंवा एखाद्या कोपऱ्यात थर किंचित सरकलेला दिसतो. जाडी आणि वजनही बिघडतं. इथे मात्र वजन खरंच कामाला येतं.

कोराकागद:
शिक्क्याचं माहीतच नव्हतं, आभार. मग सरळ स्लॅबमधलंच घेतलं तर ही कटकट वाचेल?

जुनापत्ता:
कमी होईल, वाचणार नाही. नकली स्लॅबवर ग्रेडिंगचा प्रमाणपत्र नंबर खराच असतो, दुसऱ्याच कार्डाचा उचललेला. त्यामुळे ग्रेडिंग कंपनीच्या साइटवर नंबर सापडला एवढ्यावर थांबू नका. तिथे फोटो असेल तर जुळवून पाहा. फॉइलवरचे तारे प्रत्येक कार्डात वेगळ्या जागी पडलेले असतात, कारण छपाई आणि फॉइल एकमेकांशी जुळवलेलं नसतं. चॅरिझार्डच्या पंखाजवळचे तीन-चार तारे निवडा आणि फोटोत त्याच जागी आहेत का बघा. नसतील तर कार्ड बदललेलं आहे. स्लॅबच्या कडेला पांढुरकं धुरकट दिसलं तर तो उघडून परत चिकटवलेला असू शकतो.

पाठपोट:
आणि विकणाऱ्याकडून भेटीआधीच व्हिडिओ मागवा: आडव्या प्रकाशात फिरवलेलं कार्ड, चार कोपरे जवळून, आणि कॉपीराइट ओळ वाचता येईल अशी. यातलं काही द्यायला टाळाटाळ केली तर जायचे कष्टही वाचतील.