साबरमती रिव्हरफ्रंटवर काय काय करता येईल?

रविवारी अहमदाबादला आहोत, सोबत आई आणि दोन लहान पोरं. रिव्हरफ्रंटवर नुसतं चालायचंच आहे की अजून काही बघण्यासारखं?

भटकभवानी: अटल ब्रिज कराच, २०२२ मध्ये सुरू झालाय, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, वर पतंगासारखं रंगीत छत आणि मध्ये काचेची जमीन, पोरं तिथून हलायची नाहीत. तिकीट आहे. दुपारी अजिबात जाऊ नका, पाय भाजतील.

जुनाबाजार: रविवार आहे ना, मग सकाळीच एलिस ब्रिजजवळची गुजरी गाठा! जुनी पुस्तकं, भांडीकुंडी, काय वाट्टेल ते मिळतं, घासाघीस तेवढी जमली पाहिजे.

नदीकाठ: आईंना गांधी आश्रमात न्या, १९१७ चा, नदीकाठीच आहे. बाकी ते भरलेलं पात्र बघून भुलू नका, पाणी नर्मदेच्या कालव्याचं आहे 😄