'मृत्यू आणि कर': ही करांबद्दलची कुरकुर नव्हेच

दुपारचा_चहा
जुलैत रिटर्न भरायची वेळ आली की अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनचा फोटो फिरायला लागतो: 'या जगात मृत्यू आणि कर सोडून काहीच निश्चित नाही.' पण वाक्याचा आधीचा अर्धा भाग कुणी वाचतच नाही. १३ नोव्हेंबर १७८९ चं पत्र आहे, पॅरिसमधल्या ज्याँ-बाप्तिस्त ल रॉय या शास्त्रज्ञ मित्राला. आमची नवी राज्यघटना आता लागू झाली, टिकेलसं दिसतंय, असं आधी लिहिलंय. मग 'पण' म्हणून हे वाक्य. विषय घटनेच्या आयुष्याचा आहे, कर नुसते तोंडी लावायला. त्याच पत्रात तो मित्राला विचारतो, जिवंत आहेस ना, की जमावाने तुझं मुंडकं काठीवर मिरवलं? तिकडे क्रांती पेटलेली, इकडे स्वतः ८३ वर्षांचा. पुढच्या एप्रिलात गेलाच.

खडूस_पेन्शनर
श्रेय फ्रँकलिनला कशाला? १७१६ मध्ये क्रिस्टोफर बुलकच्या 'द कॉब्लर ऑफ प्रेस्टन' या इंग्रजी प्रहसनात हीच जोडी आहे. १७२६ मध्ये डॅनियल डीफोही 'मृत्यू आणि करांइतकं निश्चित' असं लिहून गेला. प्रहसन बघायला आलेले लोक राज्यघटनेवर हसत होते का? कुरकुरच होती ती.

दुपारचा_चहा
असेल. पण फोटो बुलकचा फिरत नाही ना! ज्याचं नाव घेता त्याचं म्हणणं तरी पुरतं वाचा, एवढंच.

बांधावरचा_बाभूळ
कुणी का म्हटलेलं असेना, मुळात ते खरं आहे का? पत्र गेलं त्या फ्रान्समध्ये सरदार आणि धर्मगुरू 'ताय' या मुख्य करातून बहुतांशी सुटलेले, भार सगळा रयतेवर. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री तिथल्या राष्ट्रीय सभेने विशेषाधिकार काढायचं ठरवलं, म्हणजे पत्राच्या जेमतेम तीन महिने आधी. कर अटळ असतात ते ज्याची वट नाही त्याला. आपल्याकडेही शेतीचं उत्पन्न केंद्राच्या आयकरातून मुक्त. आणि मेल्यावर संपत्तीवर लागणारी इस्टेट ड्यूटी १९५३ ला आली, १९८५ ला गेली. मरण राहिलं, त्यावरचा कर पळाला.

खडूस_पेन्शनर
आयकर म्हणजेच कर, हा पगारदारांचा गैरसमज. शेतकरी ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरतो तेव्हा केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट कोण देतं? खतावर जीएसटी आहे. इंग्रजांनी तर मीठही सोडलं नव्हतं.

बांधावरचा_बाभूळ
डिझेलचं मान्य, तो कर माझा बापही देतो. मी बोलतोय ते पुण्या-मुंबईत राहून सात-बाऱ्यावर नाव लावणाऱ्यांबद्दल. दोन एकर खडकाळ माळ, आणि दाखवलेलं उत्पन्न बघावं तर द्राक्षबागायतदार लाजावा. ह्यांना तुमची म्हण कुठे लागू पडते ते सांगा.